लेकरांना बंकर दाखवायचाय? आधी देवगिरी दाखवा

प्रश्न थोडक्यात असा: औसा तालुक्यातल्या एका शाळेचे शिक्षक नववीच्या मुलांची सहल मुंबईला नेतायत. मलबार हिलवरच्या राजभवनातला (आताचं नाव लोकभवन) जुना ब्रिटिश बंकर आता संग्रहालय झालाय, तो त्यांच्या यादीत आहे. सहकारी म्हणतात, रिकाम्या खोल्या बघायला एवढ्या लांब कशाला? तर तिथं नेमकं बघायचं काय, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की गावच्या गढीत एक तळघर आहे. गावातली पोरं म्हणतात ते साफ करू आणि तसंच छोटं संग्रहालय उभारू. जमेल का?

सर, मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या बांधकामवाल्या पलटणीतून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीभर मोर्चे, म्हणजे जवानांना आडोशानं लढायच्या जागा, बांधणं, खंदक खोदणं, पूल टाकणं आणि गरज पडली तर उडवणं, हेच काम. आता आपल्याच भागात गढ्या-किल्ल्यांच्या दुरुस्तीवाल्यांबरोबर फिरतो. त्यामुळं दोन्ही प्रश्नांना जरा सविस्तर उत्तर देतो.

तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लेकरांना तयारी न करता आत नेलं तर ती पॅनेलपुढं सेल्फी काढतील आणि बाहेर येऊन वडापाव कुठं मिळतो ते विचारतील. बंकर बघायला जाताना बहुतेक लोक आतल्या वस्तू बघायला जातात. वस्तू कमी असतात, मग निराशा होते. बघायचं असतं ते बांधकाम. दार कुठं वळवलंय, हवा कुठून येते, पाणी कुठं जातं, छतावर किती वजन आहे, आणि स्फोटक काय नि कशापासून लांब ठेवलंय. या पाच गोष्टी ज्याला बघता येतात त्याला रिकामी खोलीही तासभर पुरते.

आणि त्या शिकायला मुंबईला जायची गरज नाही. म्हणून माझा पहिला सल्ला: मुंबईच्या आधी लेकरांना देवगिरीवर न्या. एक दिवस जास्त लागला तरी चालेल.

दौलताबादचा किल्ला म्हटलं की लोक चाँद मिनार बघतात, मेंढा तोफेवर हात फिरवतात आणि वर बारादरीपर्यंत धापा टाकत जातात. तुम्ही दारांपाशी थांबा. महाकोटात, म्हणजे किल्ल्याच्या तटबंदीत, शिरताना एकामागून एक दारं लागतात आणि त्यातलं एकही पुढच्या दाराच्या सरळ रेषेत नाही. प्रत्येक दारातून आत गेलं की चौक, मग वळण, मग दुसरं दार. हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये म्हणून हे केलेलं आहे, आणि तरीही आलाच तर दारावर टोकदार लोखंडी खिळे आहेत. आता आघाडीवरच्या मोर्चाचं तोंड बघा. तेही कधी सरळ नसतं, काटकोनात वळलेलं असतं. तिथं हत्ती नाही, तिथं स्फोटाचा दाब आणि छर्रे आहेत. सरळ वाट मिळाली तर ते थेट आत येतात, वळणावर भिंतीला आपटून त्यांचा जोर मोडतो. शत्रू बदलला, उत्तर तेच राहिलं. मुंबईच्या बंकरात गेल्यावर लेकरांना एवढंच विचारा की आत येताना आपण किती वेळा वळलो. बघा, कुणीतरी परत जाऊन मोजून येईल.

मग अंधारी. खंदकावरचा पूल ओलांडला की डोंगराच्या पोटात कोरलेली ती काळोखी, चढती, वळणावळणाची वाट. गाइड लोक तिथं शत्रू आपापसात कसे लढून मरत, कसे खंदकात पडत, याच्या गोष्टी रंगवून सांगतात. सांगू द्या, लेकरांना आवडतं. पण वरच्या तोंडाशी पोचल्यावर नीट थांबा. तिथं लोखंडी झाकण टाकून त्यावर जाळ करायची सोय होती. म्हणजे वाट बंद, वर तापलेलं लोखंड आणि आत धूर. जमिनीखालच्या कुठल्याही जागेचा कच्चा दुवा हाच: गोळी नंतर, आधी हवा. देवगिरीच्या बांधणाऱ्यांनी तो शत्रूविरुद्ध वापरला. विसाव्या शतकात बंकर बांधणाऱ्यांनी त्यापासून आपल्या माणसाला वाचवायला हवेची भोकं, पंखे, आणि १९१५ साली पश्चिम आघाडीवर विषारी वायू आल्यानंतर गाळण्या नि घट्ट बसणारी दारं केली.

हवेचं हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगलं ठाऊक होतं. ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड मोकळं करून ठेवायचे, कंदील दोरीनं खाली सोडायचे आणि तो विझला तर थांबायचे. धान्य बंद जागेत श्वास घेतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जड असल्यानं तळाशी साचतो. लेकरांपैकी एखाद्याच्या घरी अजून पेवाच्या गोष्टी सांगणारं म्हातारं माणूस असेलच. सहलीच्या आधी त्यांना वर्गात बोलवा.

पाण्यासाठी नळदुर्ग. तुम्हाला तसा जवळही आहे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळत असतं आणि त्याच बंधाऱ्याच्या आतल्या खोलीत माणूस कोरडा उभा राहतो. लोक धबधब्याचे फोटो काढतात. तुम्ही लेकरांना जमिनीचा उतार, पाण्याच्या वाटा आणि दगडांचे सांधे दाखवा. मोर्चात पाणी साचलं की शत्रूची गरज उरत नाही, पाय सडून पलटण बसते. म्हणून मोर्चाची जमीन नेहमी एका कोपऱ्याकडं उतरती करतात आणि तिथं खड्डा ठेवतात. हातबाँब आत आला तर तो लाथेनं ढकलायलाही तसाच खड्डा कामी येतो.

नळदुर्गला गेलाच आहात तर किल्ल्यापाशी उभं राहून १३ सप्टेंबर १९४८ ची सकाळ सांगा. हैदराबादवरची कारवाई सुरू झाली तेव्हा सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेपुढं पहिला प्रश्न होता बोरीवरचा पूल. सातव्या ब्रिगेडनं वेग आणि अचानकपणा यांच्या जोरावर तो शाबूत ताब्यात घेतला, दुसऱ्या शीख पलटणीनं निजामी फौजेच्या ठाण्यावर हल्ला चढवला, आणि नऊच्या सुमारास रणगाड्यांची तुकडी जळकोटात होती. दुपारी ती उमरग्याला पोचली. पूल उडाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न सॅपरच्या डोक्यात पहिला येतो. १७ सप्टेंबर आपण दरवर्षी झेंडा लावून साजरा करतो, पण त्या चार-पाच दिवसांतली पहिली लढाई आपल्या सहलीच्या वाटेवरच झाली, हे किती लेकरांना माहीत असतं?

आता छत, कारण बंकरची खरी किंमत छतात असते. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात वाढलेल्या माणसाला मोर्चाचं छत शिकवावं लागत नाही. खाली तुळया, त्यावर किलच म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर पाला, वर हात-दीड हात पांढरी माती. मोर्चातही खाली बल्ल्या किंवा गर्डर, त्यावर पत्रा, मातीच्या गोण्या, मग भरपूर माती. फरक एवढाच की तिथं मातीवर दगडांचा एक थर देतात, म्हणजे तोफगोळा मातीत खोल घुसायच्या आत वरच फुटतो. दगडाखालची माती धक्का खाते आणि खालचा माणूस वाचतो.

पण हे वजन उलटतंही, आणि ते आपल्याइतकं कुणी भोगलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप ६.२ रिश्टरचा, म्हणजे जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे. भिंती जाडजूड होत्या, पण दगडाच्या दोन पाखी आणि मधे चिखल नि कपच्या. दोन्ही पाखींना धरून ठेवणारे आरपार लांब दगड नव्हते. भिंती हलल्या, फुगल्या, फुटल्या, आणि दगड-मातीचा ढीग झोपलेल्या माणसांवर आला. चांगल्या बंकरात वरचं वजन कुठल्या खांबावर उतरतं आणि तो खांब कशावर उभा आहे, हे आधी ठरतं. भिंतीच्या जाडीवर भरवसा ठेवून कुणी छत टाकत नाही. हे वाक्य गढीच्या प्रश्नापर्यंत लक्षात ठेवा.

जमलं तर परांड्यालाही एक चक्कर मारा. डोंगर नसलेला, सपाटीवरचा किल्ला असल्यानं संरक्षणाची सगळी भिस्त खंदक, दुहेरी तट आणि वाकड्या दारांवर आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आधी याच किल्ल्यावर होती, १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. पंचावन्न टनांच्या आसपासचं ते धूड त्या काळच्या रस्त्यांवरून कसं ओढलं असेल, यावर मुलांचा तास चांगला रंगतो. तटावरच्या जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली भोकं, बघा: बाहेरून चिंचोळ्या, आतून रुंद. बंदूकवाल्याला डावीकडं-उजवीकडं फिरायला जागा, आणि बाहेरच्याला नेम धरायला फक्त एक फट. काँक्रीटच्या बंकरात कधी कधी भोक बाहेरून रुंद करावं लागतं, तेव्हा त्याच्या कडांना पायऱ्या पाडतात. नाहीतर बाहेरची गोळी उतरत्या कडेवरून घसरून नेमकी आत येते.

एवढं झाल्यावर मुंबई.

राजभवनातला बंकर २०१६ साली सापडला. आत तेरा खोल्या आणि सुमारे पंधरा हजार चौरस फूट जागा आहे. कित्येक दशकं तो भिंतीआड बंद होता. ऑगस्ट २०१९ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी संग्रहालयाचं उद्घाटन केलं आणि १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिथं क्रांतिकारकांचं 'क्रांतिगाथा' हे दालन उघडलं.

पश्चिमेकडं मोठा दरवाजा आणि उतार आहे, आत लांब बोळ आणि त्याला लागून खोल्या. खोल्यांची जुनी नावं मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावा: शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, शेल लिफ्ट, पंप, वर्कशॉप. या नावांतच सगळं आहे. हा साहेबांनी जीव वाचवायला लपण्याचा खड्डा नव्हता. समुद्रावर रोखलेल्या तोफांचं हे पोट होतं. तोफ वर, दारूगोळा खाली आणि मधे गोळे वर चढवायचा पाळणा. वर शत्रूचा गोळा पडला तरी खालचा साठा पेटू नये, म्हणून सगळं जमिनीखाली.

इथं मुलांना एक प्रश्न घाला: शेल आणि कार्ट्रिज वेगळ्या खोल्यांत का? शेल म्हणजे जाऊन फुटणारा गोळा, कार्ट्रिज म्हणजे त्याला ढकलणारी दारूची पिशवी. दोन्ही एकत्र ठेवली तर एका ठिणगीत दोन्ही गेली. त्या काळच्या ब्रिटिश दारूकोठारांत याचा अतिरेक वाटावा इतका विचार असे. दिवा कधी दारूच्या खोलीत नेत नसत. तो शेजारच्या बोळातून काचेआड ठेवायचे, उजेड आत आणि ज्योत बाहेर. आत जाणारा माणूस कपडे-बूट बदलायचा, कारण बुटाच्या लोखंडी खिळ्यानं ठिणगी पडते. बिजागऱ्या-कड्या तांब्या-पितळेच्या. मलबार हिलच्या बंकरातही उजेड, ताजी हवा आणि सांडपाणी यांची सोय केलेली होती, ती भिंतींत शोधायला लावा. पंप कशाला लागत असेल, हे आता त्यांना सांगावं लागणार नाही.

आणि नियम मोडला की काय होतं, त्याचा पुरावा त्याच मुंबईत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज पेटलं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही. कापसाची गंजी आतल्या आत कशी धुमसते हे आपल्या लेकरांना शहरातल्या पोरांपेक्षा जास्त कळतं. दोन स्फोटांत गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं मेली, आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान मेले. त्यांच्या आठवणीत देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. बंकरातली शेल-कार्ट्रिजची वेगळी दारं बघून बाहेर आल्यावर ही गोष्ट सांगा, आत सांगू नका. आत बघू द्या.

क्रांतिगाथा दालनाबद्दल माझं मत विचाराल तर विषय चांगला आहे, आणि ज्या सरकारनं हा बंकर बांधला त्याच्याविरुद्ध लढलेल्यांची कहाणी त्याच्याच कोठारात सांगावी, यात एक मजाही आहे. पण चित्रं आणि उजेड डोळ्याला ओढतात आणि मागची भिंत दिसेनाशी होते. लंडनला चर्चिलच्या भूमिगत युद्धकचेऱ्या १९८४ पासून लोकांना बघायला खुल्या आहेत. तिथला नकाशांचा कक्ष युद्ध संपलं तेव्हा होता जवळपास तसाच ठेवलाय, कारण सामान जागेवर उरलेलं होतं. मुंबईच्या खोल्या रिकाम्या सापडल्या, म्हणून त्या भराव्या लागल्या, हे समजून घेण्यासारखं आहे. तरी अशा प्रत्येक ठिकाणी एक खोली पॅनेलविना, नुसती ठेवावी असं मला वाटतं.

जाण्याचं म्हणाल तर आधी नोंदणी केल्याशिवाय प्रवेश नाही. राज्यपालांचं निवासस्थान आहे, सुरक्षा कडक असते. लोकभवनाच्या संकेतस्थळावरून नोंदणी करा, दिवस आणि वेळ निश्चित झाल्यावरच रेल्वेची तिकिटं काढा, उलट करू नका. मुलांची शाळेची ओळखपत्रं आणि तुमचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. दम्याचं किंवा बंद जागेत घाबरणारं लेकरू असेल तर त्याच्या पालकांशी आधी बोला आणि अशा मुलांबरोबर बाहेर थांबायला एक शिक्षक ठरवून ठेवा. अंधारीत तर हे जास्तच. तिथं वटवाघळं असतात, विष्ठेची धूळ छातीला वाईट. प्रत्येकाला मास्क आणि दोघांत एक टॉर्च. परतीच्या वाटेवर अहिल्यानगर पडत असेल तर तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय, १९९४ मध्ये सुरू झालेलं, जरूर दाखवा. बंकर कुणाच्या भीतीनं बांधतात ते तिथं लोखंडात उभं आहे.

आता गढी. इथं मी जरा कडक बोलणार आहे.

पोरांचा उत्साह चांगला आहे, पण त्यांना तळघरात उतरू देऊ नका. एकालाही नको, फावडं घेऊन तर मुळीच नको. बरीच वर्षं बंद असलेल्या जागेत हवा नसते, साप असतात, आणि माथ्यावर काय लटकलंय ते दिसत नाही. पेवाची रीत इथंही लागू: तोंड उघडून हवा खेळू द्या आणि वायू मोजायचं यंत्र असलेल्या माणसाशिवाय कुणी उतरायचं नाही. कंदिलावर आता अवलंबून राहू नका, तो सगळे वायू ओळखत नाही. गढीचे बुरूज बहुतेक पांढऱ्या मातीचे असतात आणि गावानं वर्षानुवर्षं ती माती माळवदासाठी उकरून नेलेली असते. वरून भक्कम दिसणारा बुरूज आतून पोकळ झालेला असू शकतो. मघाचं भिंतीचं वाक्य आठवा. संरचना अभियंता, तोही जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला, आधी बघून जाऊ द्या.

दुसरं, मालकी आणि कायदा. गढी देशमुखांची खाजगी आहे, गावठाणात मोडते की संरक्षित स्मारकाच्या यादीत आहे, हे तलाठ्याकडून आणि राज्य पुरातत्त्व विभागाकडून लेखी घ्या. केंद्र-संरक्षित स्मारक जवळ असेल तर त्याच्यापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि पुढं दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. खोदताना काही सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. 'गढीत खोदकाम' हे दोन शब्द गावात फिरले की गुप्तधनवाले रात्री कुदळी घेऊन हजर होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून पहिल्या दिवसापासून ग्रामसभेत ठराव करा, पोलीस पाटलांना सोबत घ्या. जुना गोळा, काडतूस, गंजलेलं काहीही गोल-लांबट दिसलं तर हात लावायचा नाही. लेकरांना लांब करून पोलिसांना कळवायचं, पुढचं बॉम्बशोधक पथक बघेल. वीस-तीस वर्षं जमिनीत पडलेली दारू थंड होते, हा समज कितीतरी लोकांचे हात घेऊन गेलाय.

तिसरं, सिमेंट. देणगी आली की पहिली मागणी प्लास्टरची होते, आणि तळघराची वाट तिथंच लागते. दगड-चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट फासलं की ओल आत अडकते, लोणा फुटतो, दगडाचे पापुद्रे निघतात आणि दोन-चार पावसाळ्यांत प्लास्टर घेऊन दगडच खाली येतो. चुनाच वापरा, नीट मळलेला, दगडी चाकाच्या घाणीत घोटलेला. गूळ, बेलफळ, हिरडा, मेथी यांचं पाणी घालायची जुनी पद्धत जाणणारे गवंडी अजून आपल्याकडं आहेत, शोधले तर सापडतात. आधी छतावरचं आणि भोवतालचं पाणी लांब काढा, आतलं काम मग.

पण खरं सांगू का, संग्रहालय तळघरातच हवं असा हट्ट कशाला? तेर गावचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात जमवलेल्या वस्तूंतून उभं राहिलं. शेतात, पांढरीत, नदीकाठी सापडलेल्या वस्तू एक माणूस गोळा करत गेला आणि आज जगभरचे अभ्यासक तिथं येतात. वस्तू आधी जमल्या, इमारत नंतर आली. तुमच्या गावात १९४८ साली दहा-बारा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीकडं झुकलेलं असेल. रझाकारांच्या धास्तीनं घरदार सोडून कुठं गेलो, गढीत कोण लपलं, सरहद्दीपलीकडच्या कँपांत निरोप कोण न्यायचं, हे सांगणारी ही शेवटची माणसं. पोरांच्या हातात मोबाइल आहेच. फावड्याआधी त्यांना आवाज नोंदवायच्या कामाला लावा. माणूस, गाव, तारीख, कुणी विचारलं आणि कुणी सांगितलं, एवढं प्रत्येक नोंदीला लावा. कागदपत्रं, जुनी मापं, पेटारे, पितळी कंदील शाळेच्या एका कोरड्या खोलीत कपाटात ठेवा आणि कोणी दिलं त्याची वही ठेवा. तलवारी-बंदुका कुणी दिल्या तर पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी किंवा पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित आलं तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली काय करायचं ते पुरातत्त्व विभागाला विचारून घ्या.

तळघराची पाहणी दिवाळीनंतर करून घ्या. पावसाळ्यात कुठं पाझरलं याचे डाग तेव्हा ताजे असतात, उन्हाळ्यात सगळं कोरडं आणि फसवं दिसतं. अभियंता येण्याआधी काहीही झाडू नका, चुन्याचा हात मारू नका, आणि बाहेरून जेवढे फोटो काढता येतील तेवढे काढून तारीख टाकून ठेवा. अंदाजपत्रक हातात आलं की लिहा, कुठं वाचवता येईल ते सांगतो.